लिनक्सवरील गेमिंग

लिनक्सवरील गेमिंग म्हणजे लिनक्स गाभ्यावर (कर्नलवर) आधारलेल्या मुक्त स्रोत संचालन प्रणालींवर संगणकीय खेळ खेळणे, त्यांच्यासाठी खेळ तयार करणे आणि इतर प्रणालींसाठी तयार झालेले खेळ त्यांच्यावर चालवणे होय. यात तीन तऱ्हेचे खेळ येतात. काहींची स्रोत संहिता खुली असते. ते कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतात. काही व्यावसायिक खेळांची लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती निघते. उरलेले खेळ मुळात मायक्रोसॉफ्ट विंडोजसाठी लिहिलेले असून वाईन किंवा प्रोटॉन या सुसंगतता स्तरांमार्फत लिनक्सवर चालतात. २०१८ नंतर या तिसऱ्या प्रकाराने पहिल्या दोहोंना संख्येने बरेच मागे टाकले.

हा विषय केवळ करमणुकीचा नाही. संचालन प्रणालीची संहिता वापरकर्त्याच्या हाती असते, तर खेळ, तो विकणारे दुकान आणि त्यात लपलेप्रपंच रोखणारे सॉफ्टवेअर बहुधा बंदिस्त असते. ही दोन्ही तत्त्वे एकाच यंत्रावर आली की यंत्र नेमके कोणाचे ऐकते, असा प्रश्न उभा राहतो. लिनक्सवरील गेमिंगचा इतिहास बराचसा या प्रश्नाभोवती फिरतो.

पार्श्वभूमी

पडद्यावर चित्र काढणे, ध्वनी वाजवणे, फाइल उघडणे ही कामे कोणताही खेळ थेट करत नाही. त्यासाठी तो संचालन प्रणालीला विनंती करतो. या विनंत्यांची भाषा प्रत्येक प्रणालीत वेगळी असते. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये विंडोजसाठी डायरेक्टएक्स हा अशा विनंत्यांचा संच आणला. त्यातील त्रिमितीय चित्रणासाठीचा डायरेक्ट थ्रीडी हा भाग पुढे बहुसंख्य व्यावसायिक खेळांचा पाया झाला. असा खेळ लिनक्सवर न्यायचा तर चित्रणाचा भाग ओपनजीएलसारख्या खुल्या मानकात पुन्हा लिहावा लागे, नव्याने चाचण्या घ्याव्या लागत आणि एका छोट्या ग्राहकवर्गासाठी वेगळी मदतयंत्रणा ठेवावी लागे. बहुतेक प्रकाशकांना हा खर्च परवडत नसे. खेळ नाहीत म्हणून वापरकर्ते येत नव्हते आणि वापरकर्ते नाहीत म्हणून खेळ निघत नव्हते. अनेक जण एकाच संगणकावर कामासाठी लिनक्स आणि खेळासाठी विंडोज अशी दुहेरी व्यवस्था ठेवत. त्यामुळे विक्रीच्या आकड्यांत त्यांची गणना विंडोजच्याच ग्राहकांत होई.

इतिहास

युनिक्सच्या जगात खेळ लिनक्सच्या आधीपासून होते. १९८७ मध्ये आलेला नेटहॅक हा अक्षरचिन्हांनी रेखाटलेल्या भुयारांचा खेळ स्रोत संहितेसह वाटला जाई आणि लिनक्सवरही सहज पोहोचला. व्यावसायिक खेळांत आयडी सॉफ्टवेअरच्या डूमचे स्थान महत्त्वाचे आहे. कंपनीतील डेव्ह टेलर यांनी १९९४ मध्ये त्याची लिनक्स आवृत्ती तयार केली. डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने डूमची संहिता खुली केली, तेव्हा जाहीर झाली ती हीच लिनक्स आवृत्ती, कारण डॉस आवृत्तीत दुसऱ्या कंपनीची ध्वनी-संहिता होती आणि ती वाटण्याचा अधिकार आयडी सॉफ्टवेअरला नव्हता. १९९९ मध्ये डूमला ग्नू जनरल पब्लिक लायसन्स लागू झाले. संहिता मुक्त झाली तरी खेळातील चित्रे, ध्वनी व नकाशे कंपनीच्याच मालकीचे राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वयंसेवकांनी फ्रीडूम या नावाने मुक्त चित्रांचा व नकाशांचा पर्यायी संच उभा केला.

१९९८ मध्ये स्कॉट ड्रेकर यांनी अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी स्थापली. विंडोजवरील गाजलेले खेळ लिनक्सवर आणून विकणे हा तिचा व्यवसाय होता. सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर हा तिचा पहिला खेळ १९९९ मध्ये आला; पुढे सिमसिटी ३०००, हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्री असे खेळ तिने आणले. तिची अडचण तंत्रापेक्षा व्यापारात होती. लिनक्स आवृत्ती बाजारात येईपर्यंत विंडोज आवृत्ती जुनी व स्वस्त झालेली असे आणि दुहेरी व्यवस्था बाळगणाऱ्यांनी ती बहुधा आधीच घेतलेली असे. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००२ मध्ये ती बंद पडली. तिचे सर्वांत टिकाऊ काम मात्र खेळांत नव्हते. तिचे प्रमुख प्रोग्रामर सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये एसडीएल ही मुक्त संहिता-संग्रहिका सुरू केली होती. खिडकी उघडणे, कळफलक वा जॉयस्टिक वाचणे, ध्वनी वाजवणे ही कामे कोणत्याही प्रणालीवर एकाच पद्धतीने करू देणारी ही संग्रहिका कंपनी संपल्यावरही वाढत राहिली आणि आज असंख्य खेळ तिच्यावर उभे आहेत. एसडीएलच्या जागी एखादी बंदिस्त संग्रहिका असती, तर ती कंपनीबरोबरच संपली असती.

याच काळात पूर्णपणे मुक्त खेळांची परंपराही रुजली. फ्रीसिव्ह, बॅटल फॉर वेस्नॉथ, सुपरटक्सकार्ट, झिरो ए.डी. ही तिची ठळक उदाहरणे. २०१० मध्ये सुरू झालेल्या हंबल इंडी बंडल या उपक्रमाने विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालणारे, कोणतेही कुलूप नसलेले खेळ ‘हवी ती किंमत द्या’ या तत्त्वावर विकले. लिनक्स वापरकर्त्यांनी सरासरीने विंडोज वापरकर्त्यांपेक्षा जास्त रक्कम दिली आणि मुक्त प्रणाली वापरणारे लोक पैसे मोजत नाहीत या समजाला धक्का बसला.

निर्णायक वळण व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीमुळे आले. संगणकीय खेळांचे सर्वांत मोठे ऑनलाइन दुकान स्टीम तिच्या मालकीचे आहे. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ मध्ये स्वतःचे दुकान आणले, तेव्हा व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी त्यावर जाहीर टीका केली आणि लिनक्सकडे पर्याय म्हणून पाहत असल्याचे सांगितले. हेतू परोपकाराचा नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या जागेत भाड्याने चालणारे दुकान धोक्यात असते, हे त्यामागचे साधे व्यापारी गणित होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम उपलब्ध झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमओएस या लिनक्स प्रणालीवर चालणारी ‘स्टीम मशीन’ यंत्रे विविध उत्पादकांनी बाजारात आणली. त्यांवर मोजकेच नामांकित खेळ चालत असल्याने ती अपयशी ठरली.

यानंतर व्हॉल्व्हने दिशा बदलली. प्रकाशकांना लिनक्स आवृत्ती काढण्याची विनंती करत बसण्याऐवजी विंडोजची आवृत्तीच लिनक्सवर चालवायची, असे ठरले. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन जाहीर झाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आर्च लिनक्सवर आधारित स्टीम डेक हे हातात धरून खेळण्याचे यंत्र आले. स्टीमच्या मासिक पाहणीत २०१८ मध्ये एक टक्क्याहून कमी असलेला लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच तीन टक्क्यांवर गेला.

सुसंगतता स्तरांचे कार्य

वाईन हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि १९९४ पासून अलेक्झांडर जुलियार्ड त्याचे नेतृत्व करत आहेत. वाईन संपूर्ण संगणकाची नक्कल करत नाही. खेळातील प्रोसेसरसाठीच्या सूचना आहेत तशाच चालतात, कारण प्रोसेसर तोच असतो. बदलते ते फक्त संचालन प्रणालीशी होणारे संभाषण. खेळाने विंडोजला उद्देशून केलेली विनंती वाईन स्वीकारते, लिनक्सच्या भाषेत ती पूर्ण करून घेते आणि विंडोजने दिले असते तसे उत्तर परत देते. या दुभाष्याची संहिता विंडोजची संहिता न पाहता लिहिली गेली आहे. ज्याने विंडोजची स्रोत संहिता पाहिली आहे, त्याचे योगदान वाईन प्रकल्प स्वीकारत नाही.

परवान्याचा प्रश्न येथेही उद्भवला. ट्रान्सगेमिंग या कंपनीने वाईनची संहिता घेऊन, खेळांसाठी तिच्यात सुधारणा करून, तिची विक्री सुरू केली. त्या वेळच्या परवान्यानुसार सुधारणा परत देण्याचे बंधन नव्हते. २००२ मध्ये वाईनने एलजीपीएल परवाना स्वीकारला, ज्यात बदललेली संहिता वाटताना ती खुली ठेवावी लागते. सोळा वर्षांनी व्हॉल्व्हने वाईनवर काम सुरू केले, तेव्हा प्रोटॉनसाठी झालेले बदल सर्वांना उपलब्ध राहिले, याला ही अटही कारण आहे.

चित्रणाचे भाषांतर हा सर्वांत अवघड भाग होता. डायरेक्ट थ्रीडीचे ओपनजीएलमध्ये रूपांतर करताना वेग फार घटत असे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ख्रोनोस समूहाने व्हल्कन हे ग्राफिक्स कार्डाच्या अधिक जवळ जाणारे खुले मानक प्रसिद्ध केले. त्याच्या आधारे फिलिप रेबोले यांनी डीएक्सव्हीके हा प्रकल्प सुरू केला, तो मुख्यतः निअर: ऑटोमाटा हा खेळ स्वतःला लिनक्सवर खेळता यावा म्हणून. डीएक्सव्हीके डायरेक्ट थ्रीडीच्या विनंत्यांचे व्हल्कनमध्ये रूपांतर करते. व्हॉल्व्हने या कामाला आर्थिक पाठबळ दिले आणि ते प्रोटॉनचा भाग झाले. डायरेक्ट थ्रीडीच्या बाराव्या आवृत्तीसाठी व्हीकेडी थ्रीडी-प्रोटॉन हा वेगळा प्रकल्प आहे.

काही अडचणी खुद्द गाभ्यात होत्या. विंडोजमध्ये एखादे काम अनेक घटनांपैकी कोणतीही एक घडेपर्यंत थांबून राहू शकते. लिनक्समध्ये याला नेमकी समांतर सोय नव्हती आणि तिची नक्कल करताना अनेक धाग्यांत विभागलेले खेळ मंदावत. जानेवारी २०२२ मधील ५.१६ या गाभ्याच्या आवृत्तीत अशी सोय आली आणि मार्च २०२५ मधील ६.१४ या आवृत्तीत विंडोजच्या पद्धतीशी अधिक जुळणारे एनटीसिंक समाविष्ट झाले. खेळ नीट चालावेत म्हणून बाहेरच्या प्रोग्रामरांनी संचालन प्रणालीच्या गाभ्यात बदल सुचवावेत, त्यांवर उघड चर्चा व्हावी आणि ते स्वीकारले जावेत, हे बंदिस्त प्रणालीत शक्य नसते.

जे तंत्राने सुटत नाही, ते कधी कधी परवान्यामुळे अडते. काही खेळांतील चित्रफिती पेटंटने बांधलेल्या स्वरूपात असतात. त्या उलगडण्याची सोय प्रोटॉनसोबत देता येत नसल्याने खेळाडूला कथेच्या ऐन महत्त्वाच्या प्रसंगी दूरचित्रवाणीच्या चाचणीपट्टीसारखे रंगीत पट्टे दिसत. स्टीम अशा चित्रफिती मुक्त स्वरूपात रूपांतरित करून पुरवते.

ग्राफिक्स ड्रायव्हर

ग्राफिक्स कार्ड आणि गाभा यांना जोडणारा ड्रायव्हर बंदिस्त असेल तर बाकी प्रणाली मुक्त असूनही तिची एक किल्ली उत्पादकाकडे राहते. एएमडीने २००७ पासून आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्यास सुरुवात केली. मेसा या मुक्त प्रकल्पातील आरएडीव्ही हा एएमडी कार्डांसाठीचा व्हल्कन ड्रायव्हर २०१६ मध्ये कंपनीबाहेरच्या प्रोग्रामरांनी सुरू केला आणि पुढे व्हॉल्व्हनेही त्याला हातभार लावला. स्टीम डेक याच ड्रायव्हरवर चालते.

एनव्हिडियाचा मार्ग वेगळा होता. तिचा लिनक्स ड्रायव्हर दीर्घकाळ वेगवान पण बंदिस्त राहिला. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स यांनी या धोरणाबद्दल कंपनीवर अत्यंत तिखट शब्दांत टीका केली. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने गाभ्यात बसणारा भाग खुला केला. चित्रणाचे बहुतांश काम करणारा उरलेला भाग बंदिस्तच राहिला. जुन्या कार्डांच्या बाबतीत हा फरक प्रकर्षाने जाणवतो. बंदिस्त ड्रायव्हरला मिळणारा पाठिंबा कंपनीने थांबवला की कार्ड सुस्थितीत असूनही नव्या गाभ्यावर ते अडखळू लागते. मुक्त ड्रायव्हर मात्र कोणीही सांभाळत राहू शकतो.

फसवणूक रोखणारे सॉफ्टवेअर

ऑनलाइन स्पर्धात्मक खेळांत काही खेळाडू आपोआप नेम धरणारे किंवा भिंतीपलीकडचे दाखवणारे छुपे प्रोग्राम वापरतात. प्रामाणिक खेळाडूंसाठी ही खरी डोकेदुखी आहे आणि ती रोखण्यासाठी कंपन्या खास सॉफ्टवेअर वापरतात. त्यातील अनेक प्रकार संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे सर्वोच्च अधिकाराच्या पातळीवर बसतात, कारण छुपे प्रोग्रामही तेथवर पोहोचलेले असतात.

विंडोजवर गाभ्यात काय बसू शकते हे मायक्रोसॉफ्टच्या डिजिटल स्वाक्षरीने ठरते, म्हणून खेळाची कंपनी त्या गाभ्यावर काही प्रमाणात विसंबू शकते. लिनक्सचा गाभा वापरकर्ता स्वतः बदलून पुन्हा तयार करू शकतो. असा गाभा मालकाच्या वतीने बोलतो. कंपनीसाठी तो साक्षीदार म्हणून भरवशाचा राहत नाही. म्हणजे लिनक्सचा जो गुण त्याच्या समर्थकांना सर्वाधिक मोलाचा वाटतो, तोच येथे आक्षेपाचा मुद्दा ठरतो. हा पेच एखाद्या त्रुटीतून निर्माण झालेला नसल्याने पुढच्या आवृत्तीत तो सुटेल अशी अपेक्षा करता येत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रमुख सॉफ्टवेअरांनी प्रोटॉनला पाठिंबा जाहीर केला, मात्र तो चालू करायचा की नाही याचा निर्णय प्रत्येक खेळाच्या कंपनीवर सोपवला. काहींनी तो चालू केला, काहींनी नाकारला. २०२४ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सला गाभ्यात बसणारे व्हॅनगार्ड हे सॉफ्टवेअर लागू झाले आणि तोवर वाईनमार्फत चालणारा हा खेळ लिनक्सवर बंद पडला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला एपेक्स लेजेंड्सने लिनक्सवरील प्रवेश रोखला. फसवणूक करणारे या मार्गाचा आडोसा घेतात, असे कारण कंपनीने दिले. याउलट काउंटर-स्ट्राइक २ व डोटा २ या व्हॉल्व्हच्या खेळांच्या स्वतंत्र लिनक्स आवृत्त्या असून त्यांचे फसवणूकरोधक सॉफ्टवेअर गाभ्याबाहेर चालते.

गाभ्यातील प्रवेशाचा धोका विंडोजच्या वापरकर्त्यांनाही असतो. गेन्शिन इम्पॅक्ट या खेळाच्या वैध स्वाक्षरी असलेल्या फसवणूकरोधक ड्रायव्हरचा वापर करून खंडणीखोर हल्लेखोर संगणकातील विषाणूरोधक सॉफ्टवेअर बंद पाडत असल्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये उघड झाले. हल्ल्यासाठी संबंधित संगणकावर तो खेळ असण्याचीही गरज नव्हती. हल्लेखोर तो ड्रायव्हर आपल्याबरोबर आणत.

मालकी आणि नियंत्रण

यंत्राची मालकी आणि त्यावरील नियंत्रण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सोनीच्या प्लेस्टेशन ३ च्या उदाहरणातून दिसते. २००६ मध्ये आलेल्या या यंत्रावर ‘अदर ओएस’ या अधिकृत सोयीने लिनक्स बसवता येत असे. १ एप्रिल २०१० रोजी कंपनीने सुरक्षेचे कारण देत एका अद्ययावत आवृत्तीद्वारे ती सोय काढून टाकली. आवृत्ती नाकारणाऱ्यांना लिनक्स ठेवता येत होते, पण त्यांचे ऑनलाइन खेळणे बंद झाले. अमेरिकेत यावरून सामूहिक दावे झाले आणि २०१६ मध्ये तडजोड झाली. स्टीम डेकवर याच्या उलट धोरण आहे: मूळ फाइल व्यवस्था सुरुवातीला केवळ वाचनीय असली तरी वापरकर्ता तिचे कुलूप काढू शकतो, दुसरी लिनक्स प्रणाली किंवा विंडोज बसवू शकतो आणि अन्य दुकानांतले खेळही चालवू शकतो.

तरीही स्टीम हा प्रोग्राम स्वतः बंदिस्त आहे आणि त्यावर विकत घेतलेला खेळ म्हणजे कायदेशीरदृष्ट्या वापराचा परवाना असतो. डिजिटल विक्रेत्यांनी ही बाब ग्राहकाला स्पष्टपणे सांगावी, असा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. परवाना आणि मालकी यांतील अंतर द क्रू या शर्यतीच्या खेळाबाबत लख्ख दिसले. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळणाऱ्यांसाठीही तो निरुपयोगी झाला. यातून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेच्या युरोपीय नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. जीओजी हे दुकान कुलूप नसलेले खेळ विकते. त्यांची स्थापना-फाइल जपून ठेवली तर दुकान बंद पडले तरी खेळ उरतो.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी स्टीमच्या आगमनाच्या वेळी, २०१२ मध्ये, याविषयी लेख लिहिला. असे खेळ खेळायचेच असतील तर ते विंडोजऐवजी ग्नू/लिनक्सवर खेळणे बरे, हे त्यांनी मान्य केले. पण सोयीच्या मोबदल्यात स्वातंत्र्याचा विसर पडेल, अशी भीतीही व्यक्त केली. दुसरी टीका तांत्रिक आहे. प्रोटॉन चांगले चालत असल्याने स्वतंत्र लिनक्स आवृत्ती काढण्याचे कारणच उरत नाही आणि मायक्रोसॉफ्टने ठरवलेली भाषाच लिनक्सवरील खेळांची प्रमाणभाषा होऊन बसते. यात तथ्य आहे. २०१५ च्या आसपास निघालेल्या काही लिनक्स आवृत्त्या नव्या प्रणालींवर अडखळतात आणि त्याच खेळांची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमार्फत अधिक सुरळीत चालते, असा अनुभव खेळाडू नोंदवतात.

जुन्या खेळांचे जतन

जुने खेळ टिकवण्याच्या कामात मुक्त सॉफ्टवेअरचा वाटा मोठा आहे. २००१ मध्ये सुरू झालेले स्कमव्हीएम जुन्या साहसखेळांची यंत्रणा नव्याने लिहून त्यांच्या मूळ फाइली आजच्या संगणकांवर चालवते, तर डॉसबॉक्स डॉसच्या काळातील संपूर्ण संगणकाची नक्कल करते. जुने खेळ पुन्हा विकणारी व्यावसायिक दुकानेही हेच मुक्त प्रोग्राम खेळांसोबत देतात. विंडोज ३.१ च्या काळातील १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत. ६४-बिट लिनक्सवर वाईनमार्फत त्यांपैकी अनेक आजही चालतात.